खेळणाराही गिऱ्हाईकच

ऑनलाइन गेमिंगचं विधेयक भारतात २० ऑगस्ट २०२५ला लोकसभेत मंजूर झालं, २१ला राज्यसभेत, आणि २२ला राष्ट्रपतींची मोहोर उमटून कायदा झालासुद्धा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी. त्या दिवसांत तिकडच्या मित्रांशी, नातेवाइकांशी जे बोलणं व्हायचं ते फिरून फिरून एकाच वळणावर यायचं: व्यसन, कर्ज, पोरं हाताबाहेर गेली होती, बरं झालं एकदाचं. त्याच्या तीन आठवडे आधी, ३१ जुलैला, इथे युरोपात एका नागरिक याचिकेची मुदत संपली होती. सह्या चौदा लाखांच्या वर. मागणी एवढीच, की पैसे घेऊन विकलेला गेम कंपनीने पुढे निकामी करू नये.

जर्मनीत बसून दोन्हीकडचं वाचताना एक गोष्ट खटकते. आपल्याकडे गेम खेळणारा एक तर बिघडलेला पोरगा असतो, नाही तर ई-स्पोर्ट्समधला भावी पदकविजेता. दाम मोजून वस्तू घेतलेलं आणि ती नीट चालावी एवढीच अपेक्षा असलेलं साधं गिऱ्हाईक म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. बंदीबद्दल माझी तक्रार नाही. पैशांच्या खेळांत घरं बुडत होती, सरकारने हात घालायलाच हवा होता. पण त्या बंदीच्या बाहेर केवढा तरी बाजार उरतो. तिथल्या गिऱ्हाइकाचं काय?

याचिकेमागे आहे युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा 'द क्रू', २०१४चा गाड्या पळवायचा गेम. एकट्याने खेळण्यासारखं त्यात भरपूर होतं, तरी सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. ३१ मार्च २०२४ला कंपनीने सर्व्हर बंद केले. डिस्क घेतलेल्यांच्या हाती नुसती तबकडी राहिली, आणि लोकांच्या डिजिटल लायब्ररीतून परवानेही काढून घेतले गेले. रॉस स्कॉट या यूट्यूबरने यावरून मोहीम उभी केली. बोभाटा झाल्यावर याच कंपनीने 'द क्रू २' ऑफलाइन खेळायची सोय २०२५मध्ये करून दिली. म्हणजे जमत होतं. गेमच्या धंद्यात 'तांत्रिकदृष्ट्या अशक्य' ही फार लवचिक अवस्था असते.

मायक्रोसॉफ्टने 'फोर्झा होरायझन ४'ची विक्री डिसेंबर २०२४मध्ये थांबवली, कारण त्यातल्या खऱ्या गाड्या वगैरे वापरायचे परवाने संपत होते. पण ज्यांनी आधी घेतला होता त्यांचा गेम चालू राहिला. मला रास्त वाटतो तो हा व्यवहार. विक्री खुशाल बंद करा, विकलेला माल उचलून नेऊ नका.

सर्व्हर जन्मभर चालवा, असं मात्र मी म्हणणार नाही. देखभाल, सुरक्षा, चीटर हुडकणारी माणसं, सगळ्याला पैसा लागतो; मूठभर खेळाडूंसाठी तो कुणी घालत बसणार नाही. याचिकाही ते मागत नाही, हे टीकाकार सोयीस्कररीत्या विसरतात. 'व्हिडिओ गेम्स युरोप' या कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं असं, की कंपनीऐवजी खेळाडूंनीच खासगी सर्व्हर चालू केले तर खेळाडूंच्या माहितीचं रक्षण कोण करणार, बेकायदा मजकूर कोण हटवणार? प्रश्न खोटा नाही. पण तो जिथे शेकडो अनोळखी लोक एकत्र खेळतात तिथला आहे. एकट्याने गाडी पळवणाऱ्यापुढे ती ढाल धरण्यात अर्थ नाही. आणि अपडेट आवडलं नाही म्हणून डेव्हलपरला धमक्या देणं, हा तर कुठल्याच गिऱ्हाइकाचा हक्क नव्हे.

इथे सगळं आलबेल आहे असंही समजू नका. ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत रद्द करायचा हक्क युरोपात आहे, ऐकायला झकास. प्रत्यक्षात गेम घेताना पैसे भरायच्या बटणाजवळ एक छोटी चौकट येते: डाउनलोड लगेच सुरू करा, त्यामुळे माझा खरेदी रद्द करायचा हक्क संपतो हे मला मान्य आहे. गेम तर आत्ताच हवा असतो, मग सगळेच खूण करून मोकळे होतात. कायद्याने दिलेला हक्क कायद्यानेच ठेवलेल्या वाटेने निघून जातो. त्यापेक्षा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचा २०१५पासूनचा नियम कामाचा: घेऊन चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत.

लूट बॉक्स, म्हणजे पैसे देऊन घ्यायची आणि आत काय निघेल ते नशिबावर असलेली गेममधली पेटी. तिच्यावर तर युरोपाचंच एकमत नाही. बेल्जियमने २०१८मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये त्यांच्यावरून ईए या गेम कंपनीला ठोठावलेला दंड २०२२मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती गेममधल्या नाण्यांची. समजा गेममधल्या पात्राचा पोशाख १,१०० नाण्यांचा आहे आणि नाणी विकत मिळतात १,००० किंवा २,५००च्या गठ्ठ्यात. लहान गठ्ठा शंभराने कमी पडतो, म्हणून मोठा घ्यायचा. उरलेली १,४०० नाणी खात्यात पडून राहतात आणि ती वाया जाऊ नयेत म्हणून पुढची वस्तू बघायची, तिलाही शंभरेक नाणी कमी पडतातच. शेजारी 'ऑफर संपायला इतके तास' म्हणत घड्याळ उलटं धावत असतं. यात नशिबाचा भाग नाही, पैज नाही, म्हणून जुगारात बसत नाही. पण गिऱ्हाइकाला किंमत कळू न देण्याचा हा पक्का बंदोबस्त आहे. मार्च २०२५मध्ये युरोपातल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी यावर तत्त्वं जाहीर केली: किंमत खऱ्या चलनात दाखवा, नको असलेली नाणी गळ्यात मारू नका.

भारताला यासाठी शून्यापासून सुरुवात करायची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्येच डार्क पॅटर्नविरुद्ध, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या ऑनलाइन मांडणीविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत आणि पहिलाच खोट्या घाईचा, म्हणजे ते उलटं धावणारं घड्याळ! हे हत्यार गेमच्या दुकानावर उगारलं जाताना मात्र चर्चेत दिसत नाही; बंदी हवी की नको, यातच सगळे दमतात.

नव्या कायद्यात खेळांची वर्गवारी आणि नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाची तरतूद आहे. खेळात पैसे लावले जातात का, एवढंच तपासून तिथली फाइल मिटू नये. सर्व्हर किमान कोणत्या तारखेपर्यंत चालेल, बंद करण्याआधी किती महिने कळवणार, नंतर एकट्याने खेळता येईल का, खात्यातल्या उरलेल्या नाण्यांचे पैसे परत मिळतील का, हे चार रकाने नोंदणीच्या अर्जात घालायला आणखी एक बंदी आणावी लागत नाही.