डोळे मिटणं म्हणजे डोळेझाक नव्हे

आषाढी जवळ आली की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: डोळे मिटून बसणाऱ्यांनी समाज कधीच बदलला नाही, ध्यान-नामस्मरण हे भरल्या पोटाचे चोचले, आणि त्यानं माणूस फक्त स्वतःपुरता होतो. यंदा तो माझ्या सख्ख्या भाच्यानं टाकला. म्हणून हे उत्तर.

‘कधीच नाही’ म्हणतोस? भाचेबुवा, मग धुळ्याचा तुरुंग विसरावा लागेल. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबा तिथे गीतेवर बोलले. दर रविवारी एक अध्याय, आणि साने गुरुजी समोर बसून ते भराभर उतरवून घेत होते. ऐकणाऱ्यांत सत्याग्रहीही होते, कायदा मोडून आत आलेले. तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरला आलेले आणि तिथेच शाळेत मास्तर झालेले हेच गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले. विठ्ठलाचं दार अस्पृश्य ठरवलेल्यांना उघडावं म्हणून. आणि ते उघडलं.

भरल्या पोटाचं म्हणशील, तर नंदुरबारकडच्या तळोद्याकडे बघ. १९३०च्या दशकात तिथल्या आदिवासींना गुलाम महाराजांनी आरतीला बसवलं, दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं. ज्यांना आयुष्यभर सगळ्यांनी ‘अरे-तुरे’च केलं, त्यांनी एकमेकांना ‘आप’ म्हणायचं! माझ्या मते या एका शब्दात अख्खी चळवळ आहे. पुढे जवळच्याच शहाद्याला आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग महाराज भजनातूनच लोकांपर्यंत पोचले, आणि तिथून गोष्ट गेली जमिनीच्या हक्कावर, सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या शेतगड्याच्या, मजुरीवर. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. बायकांनी दारूचे अड्डे फोडले. यातल्या कुणाचं पोट भरलेलं होतं, सांग.

स्वतःपुरता होण्याचा मुद्दा मात्र मी खोडणार नाही. दहा दिवसांचं शिबिर करून आलेले, चेहऱ्यावर शांती आणि सालदाराच्या खाड्याचे पैसे पैशाला पैसा कापणारे, मीही पाहिलेत. मौनाची सोय झाली की कानही बंद ठेवता येतात.

पण तुझ्या आजोबांचं सांगतो. अण्णा पहाटे पाण्याची पाळी धरायला निघण्याआधी ओट्यावर बसून जप करायचे. वर्षानुवर्षं. आणि तितकीच वर्षं सालदाराची कपबशी गोठ्याच्या पत्र्याखाली, आढ्याच्या खोबणीत वेगळी ठेवलेली असायची, कान तुटलेली. एका हिवाळ्यात सालदाराच्या पोरानं त्या कपातला चहा घ्यायचं नाकारलं. काही बोलला नाही, नुसता कप ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी जप झाल्यावर अण्णा उठले, तो कप उकिरड्यावर टाकला आणि आईला म्हणाले, “आतला दे.” आई क्षणभर थांबली होती, हे मला आठवतं.

जपानं झालं की पोराच्या नकारानं? मी अण्णांना कधी विचारलं नाही. मला वाटतं, पोरानं कप ठेवला नसता तर अण्णा जपच करत बसले असते. आणि जप नसता, तर त्यांनी पोराला हाकललं असतं.