जजनी ब्लॉग लिहावा का? माझं मत: लिहावा, पण एकट्याने नको

मोठ्या लोकांनी इंटरनेटवर लिहिलं की पदाची शान जाते म्हणणाऱ्यांना मी कायम बेकर-पोस्नर जोडीचं नाव सांगते. गॅरी बेकर म्हणजे १९९२ चं अर्थशास्त्राचं नोबेल, शिकागोचे प्रोफेसर, आणि रिचर्ड पोस्नर तेव्हा तिथल्याच फेडरल अपील कोर्टाचे जज होते, तेही रिटायर्ड नाही, रोज निकाल देणारे. दोघांनी डिसेंबर २००४ मध्ये एकत्र ब्लॉग सुरू केला. एक विषय घ्यायचा आणि दोघांनी त्यावर वेगवेगळं लिहायचं, बस. किडनी विकायला परवानगी द्यावी का असलेही विषय, जे आपल्याकडे जेवताना काढले तर आई ताट उचलून आत जाईल 😄

मला त्यांचं बरंचसं पटत नाही, जगातल्या प्रत्येक गोष्टीला बाजारभाव लावायची शिकागोवाल्यांना खोडच आहे. पण नोबेलवाल्याने लिहिलं की शेजारीच त्याच्या तोडीचा माणूस आपलं म्हणणं मांडतोय, तिथे नुसती हांजी हांजी चालत नाही. मे २०१४ मध्ये बेकर गेले आणि पोस्नरनी ब्लॉग बंदच केला, एकट्याने ओढत नेला नाही, हे मला फार आवडलं.

आता आपले मार्कंडेय काटजू बघा. सुप्रीम कोर्टातून २०११ ला रिटायर झाले, ब्लॉगचं नाव 'सत्यम् ब्रूयात्' (पुढचं 'न ब्रूयात् सत्यमप्रियम्' सोयीस्कर गाळलं असावं). केरळच्या सौम्या केसमध्ये (ट्रेनमधल्या तरुणीवर बलात्कार आणि तिचा मृत्यू) सुप्रीम कोर्टाने आरोपीवरचा खुनाचा आरोप काढला, तर यांनी फेसबुकवर लिहिलं की निकाल चुकला, कलम ३०० (खून कशाला म्हणायचं ते सांगणारं) नीट वाचलं नाही. कोर्टाने काय करावं? ती पोस्टच रिव्ह्यू पिटिशन (निकालाच्या फेरविचाराची याचिका) म्हणून घेतली आणि यांना बोलावलं, या आणि सांगा कुठे चुकलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये माजी जज खाली उभे राहून आर्ग्युमेंट करतायत, वर बेंच ऐकतंय! रिव्ह्यू फेटाळला गेला आणि वर जजांबद्दल लिहिलेल्या वाक्यांवरून कंटेम्प्टची (कोर्टाच्या अवमानाची) नोटीस, शेवटी माफी मागितल्यावर जानेवारी २०१७ ला प्रकरण मिटलं.

कायद्याचा मुद्दा रास्त होता असं मला आजही वाटतं, घोळ झाला तो भाषेचा. शेजारी कोणी पोस्नरसारखा लिहिणारा असता तर जजांवरची वाक्यं आधीच खोडली गेली असती आणि कलम ३०० तेवढं उरलं असतं. मराठीत एखादे रिटायर्ड जज आणि एखादे अर्थतज्ज्ञ मिळून कांदा निर्यातबंदीवर असं समोरासमोर लिहिणार असतील तर मी पहिली वाचक, कमेंटमध्ये भांडायलाही येईन.