पैसे झाकण उघडण्याचे नसतात

नमस्कार,

बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा कसा परत मिळवतात यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. भाषा तिखट आहे, पण तुम्ही मुद्दे मांडलेत, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा धंदा लोकांच्या घाबरण्यावर चालतो. आत सॉफ्टवेअरच चालवतात आणि क्लीन रूमचं (धूळमुक्त खोलीचं) नाव पुढे करून बिल फुगवतात. झाकण काढलेली डिस्क मजेत फिरते हे व्हिडिओंत कुणालाही दिसतं, मग धुळीचा एवढा बाऊ कशाला? तुमच्या मित्राची डिस्क फ्रीझरमध्ये ठेवल्यावर चालू झाली होती. तुमच्या स्वतःच्या डिस्कला चुकून लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर लागला आणि ती गप्प झाली. तुम्ही त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं सर्किट बोर्ड काढून तिला बसवलंत, तेव्हापासून ती फिरते पण टकटक करते. आणि एकूणात माझा लेख म्हणजे जाहिरात.

जाहिरातीचं आधी. माझं पोट याच कामावर आहे हे मी लपवलेलं नाही, तेव्हा माझं म्हणणं थोडं वजा करून वाचलंत तरी राग नाही. पण डिस्क धडधाकट आहे आणि फक्त फाइल उडाल्यात, अशा वेळी आमच्याकडे येऊ नका, टेस्टडिस्क किंवा फोटोरेक ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर वापरा, हेही त्याच लेखात आहे. (मिळालेल्या फाइल त्याच डिस्कवर साठवू नका. हे कितीदाही सांगितलं तरी कमीच.)

सॉफ्टवेअरच चालवतात, हे अर्धं खरं आहे. अडचण अशी की बाजारात मिळणारं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर एक गोष्ट गृहीत धरतं: विचारलं की डिस्क उत्तर देणार. हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, अधू झालेली डिस्क उत्तर देत नाही, ती प्रयत्न करत बसते. एक सेक्टर, म्हणजे डेटाचा छोटा कप्पा, वाचता आला नाही की डिस्क स्वतःच तो पुन्हा पुन्हा वाचू पाहते, त्यात सेकंदामागून सेकंद जातात. मग ऑपरेटिंग सिस्टिम तोच सेक्टर परत मागते. स्क्रीनवर पट्टी तीन टक्क्यांवर अडकलेली दिसते आणि माणूस म्हणतो, चालू दे रात्रभर. त्या रात्रभरात आत काय चाललेलं असतं ते बाहेरून दिसत नाही. हेडचं टोक वाकलेलं असेल, तर ते एकाच जागी घासत राहतं आणि सकाळपर्यंत त्या जागेवरचा चुंबकीय थर उडालेला असू शकतो. जे सेक्टर काल कठीण होते ते आज अस्तित्वातच नसतात.

आता धूळ. इथे तुमचं थोडं बरोबर आहे आणि माझ्या व्यवसायबंधूंना ते आवडणार नाही. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे सूट घातलेल्या लोकांचे फोटो असतात ना, ते बरेचसे फोटोसाठीच असतात. अख्खी क्लीन रूम लागतेच असं नाही. गाळलेल्या हवेचा सतत झोत देणारं लॅमिनार फ्लो टेबल बहुतेक कामांना पुरतं. हवा मात्र खरोखर स्वच्छ लागते. नेहमी ज्याचा दाखला देतात त्या आयएसओ वर्ग ५ मध्ये एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या खोलीत हा आकडा कोटींच्या घरात जातो. आणि डिस्क चालू असताना हेड तबकडीपासून काही मोजक्या नॅनोमीटरवर तरंगत असतं. अर्धा मायक्रॉन म्हणजे ५०० नॅनोमीटर. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची बाहेरची कड ताशी १२० किलोमीटरहून जास्त वेगाने धावत असते. त्या वेगात कण आडवा आला की हेडला दणका बसणार.

तरी व्हिडिओतली उघडी डिस्क फिरते, हेही खरंच. झाकण काढल्याक्षणी डिस्क मरत नाही, काही वेळ ती वाचतेसुद्धा. पण त्या डिस्कवर कुणाचं काही नसतं, आणि व्हिडिओ संपल्यावर तिचं काय झालं हे आपल्याला कुणी दाखवत नाही. प्रश्न ती फिरते का हा नसून, शेवटचा सेक्टर उतरवून होईपर्यंत ती टिकेल का हा आहे. मोठ्या क्षमतेच्या अधू डिस्कचं वाचन अनेक दिवस चालतं.

झाकण उघडल्यावर मी पहिल्यांदा हेडकडे बघत नाही. आत कोपऱ्यात एक लहानसा पांढरा फिल्टर असतो, तबकड्या फिरल्यामुळे खेळणारी हवा त्यातून जात राहते. तो पांढरा असेल तर जीव भांड्यात पडतो. करडा किंवा काळपट झाला असेल, तर ती भुकटी तबकडीच्या थराची आहे, म्हणजे डेटाची आहे. मग तबकडीवर तिरपा प्रकाश टाकून बघायचं. निरोगी तबकडी निर्मळ आरसा असते. घासलेल्या तबकडीवर गोल वळी दिसतात, आणि तबकडी काचेची असेल तर काही वेळा थर पार निघून आरपार दिसतं. तिथलं काहीही कुणीही परत आणू शकत नाही, कितीही पैसे मोजा.

वळी नसतील तर हेड बदलता येतात. ही हेडची जोडणी डिस्कमधून बाहेर काढताना समोरासमोरची हेड एकमेकांना चिकटली तर संपलीच, म्हणून त्यांच्यामध्ये बारीक दातांची फणी सरकवून त्यांना वेगळं धरायचं, मग रॅम्पवरून, म्हणजे हेड विसावतात त्या उतारावरून, उचलायचं. डोनर डिस्कची, म्हणजे सुटे भाग घ्यायला आणलेल्या दुसऱ्या डिस्कची, चांगली हेड त्याच पद्धतीने आत बसवायची. हात स्थिर असलेल्याला हे शिकता येतं. अवघड असतं ते डोनर शोधणं. लेबलवरचं मॉडेल जुळलं म्हणजे झालं असं नाही. हेडची संख्या, प्रीअँप चिप (हेडचा अशक्त सिग्नल वाढवणारी), फर्मवेअरचं (डिस्कच्या अंतर्गत सॉफ्टवेअरचं) कूळ, बनवल्याची तारीख आणि कधी कधी कारखानाही जुळावा लागतो. इतकं जुळूनही दुसऱ्याची हेड या तबकड्यांवर नीट वाचतीलच असं नाही, कारण प्रत्येक हेड कारखान्यातच आपल्या तबकडीवर जुळवून घेतलेलं असतं.

म्हणूनच मी म्हणतो की पैसे झाकण उघडण्याचे नसतात. उसनी, कुरकुरणारी हेड किती वेळ चालतील याचा नेम नाही, आणि तेवढ्या वेळात काय, कुठल्या क्रमाने वाचायचं हे ठरवणं म्हणजे आमचं काम. जीर्ण पोथीची नक्कल करणारा माणूस चिकटलेली पानं आधी सोडवायला बसत नाही, सुटी पानं उतरवून घेतो. अगदी तसंच. आधी डिस्कचं स्वतःचं फर्मवेअर जिथे असतं तो तबकडीवरचा राखीव भाग वाचून त्याची प्रत बाजूला ठेवायची. खराब सेक्टर बदलून देण्यासारखी डिस्कची स्वतःहून चालणारी कामं बंद करायची, नाहीतर ती आपल्याच दुखण्यात वेळ घालवते. मग पीसी-३००० किंवा डीपस्पारसारख्या यंत्राने वाचन सुरू करायचं. हे यंत्र आणि घरचा संगणक यांत फरक असा की, ठरलेल्या मिलिसेकंदांत सेक्टर आला नाही तर हे यंत्र डिस्कला गप्प करून पुढे जातं. चार हेडपैकी तिसरं अशक्त आहे असं दिसलं, तर त्याला वगळून उरलेल्या तिघांचं सगळं उतरवून घेता येतं. फाइलींची यादी ज्यात असते तो भाग हाती आला की कुठला फोल्डर डिस्कवर नेमका कुठे आहे ते कळतं आणि तिथे थेट जाता येतं. अशक्त हेडचा भाग सगळ्यात शेवटी, छोट्या घासांत, कधी उलट दिशेने.

यातली वगळून पुढे जाण्याची युक्ती तुम्हाला घरीही करता येते, बरं का. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी सोपं उतरवतं, राहिलेल्या जागांची नोंद फाइलमध्ये ठेवतं आणि मग मागे वळतं. चार-दोन बॅड सेक्टर असलेल्या, पण टकटक न करणाऱ्या डिस्कसाठी ते उत्तम आहे. हेड मेलं असेल तर त्याचा उपयोग नाही.

बाहेरून डिस्क कशी दिसते यावरून आत काय उरलंय हे कळत नाही, याचा माझा आवडता दाखला कोलंबिया अंतराळयानाचा आहे. २००३ मध्ये ते कोसळलं तेव्हा त्यातल्या एका प्रयोगाची ४०० एमबीची डिस्क ढिगाऱ्यात जळक्या अवस्थेत सापडली. क्रोल ऑनट्रॅक या डेटा रिकव्हरी कंपनीच्या तंत्रज्ञांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या डिस्कमध्ये बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के डेटा वाचला. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. यान तुटताना ती डिस्क फिरत नव्हती, त्यामुळे तबकड्या शाबूत राहिल्या. उलट टेबलावरून चालू स्थितीत पडलेली, बाहेरून ओरखडाही नसलेली डिस्क अनेकदा आतून संपलेली असते.

फ्रीझरबद्दल. तुमचा मित्र खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. जुन्या काळी थंडीने धातू आकसून अडकलेला भाग सुटायचा किंवा तापल्यावर दगा देणारी चिप थोडा वेळ तग धरायची, अशा गोष्टी घडत. शिवाय दम तोडत असलेली डिस्क नुसत्या विश्रांतीनेही कधी कधी जागी होते, मग श्रेय फ्रीझरला जातं. आजच्या डिस्कमध्ये स्पिंडल, म्हणजे तबकड्यांचा आस, तेलाच्या पातळ थरावर फिरतो. थंडीत ते तेल घट्ट होतं. आणि गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, ते डिस्कच्या श्वासछिद्रापाशी अडेल याची खात्री नाही. ओल्या तबकडीवर हेड फिरवून काय होईल ते वेगळं सांगायला नको.

बिलाबद्दल मात्र तुमचा राग मला समजतो. 'डेटा नाही तर पैसे नाहीत' असं मोठ्या अक्षरांत लिहून तपासणीचे आणि डोनरचे पैसे बारीक अक्षरांत लावणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे सगळ्यांचंच नाव जातं. डिस्क उघडण्याआधी काय झालं तर किती पैसे, हे लेखी घ्या. पैसे चुकते करण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी मागा, त्यातल्या दोन-चार उघडून बघा. डिस्क परत मागा. एवढं मागितल्यावर जो चिडतो त्याच्याकडे ठेवू नका.

आणि आता तुमची डिस्क, जिच्यामुळे खरं तर मी एवढं लिहायला बसलो.

तुमच्या वर्णनावरून मूळ बिघाड किरकोळ असण्याची बरीच शक्यता आहे. बाहेरच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, लॅपटॉपचे बरेच अ‍ॅडॅप्टर १९ व्होल्टच्या आसपासचे असतात. असा जास्तीचा दाब आला की बोर्डवरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होतो आणि पुढचं सर्किट वाचवतो. डिस्क एकदम गप्प, ना फिरणं, ना आवाज, हे त्याचंच लक्षण. अशा वेळी डायोड तपासून काढून टाकला की डिस्क पुष्कळदा जशीच्या तशी चालू होते. क्लीन रूम नाही, डोनर नाही. (डायोड काढल्यावर संरक्षण राहत नाही, म्हणून नंतर योग्य अ‍ॅडॅप्टरवर डेटा उतरवून घ्यायचा आणि डिस्क निवृत्त करायची.)

मग टकटक कुठून आली? बहुधा तुम्ही बसवलेल्या बोर्डमधून. त्या डिस्कच्या हेडसाठी कारखान्यात जुळवलेली मापं बोर्डवरच्या रॉममध्ये (कायमच्या स्मृतीत) असतात. काही बोर्डांवर ती आठ पायांची वेगळी चिप असते, काहींमध्ये मुख्य चिपच्या पोटातच. पूर्वी बोर्डांची सरळ अदलाबदल चालायची, पण गेली बरीच वर्षं ती चालत नाही, हे व्हिडिओ करणारे सांगत नाहीत. परकी मापं घेऊन हेड तबकडीवरच्या खुणा शोधतं, त्या सापडत नाहीत, मग ते मागे जाऊन पुन्हा येतं. तोच तुमचा टकटक आवाज. दाब पुढे जाऊन आतली प्रीअँप जळली असेल तरीही डिस्क अशीच वाजते, आणि तसं असेल तर हेड बदलावी लागतील. कुठलं कारण आहे हे मूळ बोर्ड हातात आल्याशिवाय ठरवता येणार नाही.

तेव्हा ती डिस्क आजपासून कशालाच जोडू नका, 'एकदा बघूया' म्हणूनही नको. नवं बसवलेलं बोर्ड काढायची घाई नाही, ते तसंच राहू द्या. पण तुम्ही काढलेलं मूळ बोर्ड कुठे ठेवलंय ते शोधा. जळकं वाटलं म्हणून कचऱ्यात टाकलं असेल तर कचरा अजून घरात आहे का ते बघा. ते मिळालं की ज्याच्याकडे डिस्क द्याल, माझ्याकडे नाही दिलीत तरी चालेल, त्याच्याकडे दोन्ही एकत्र द्या आणि अ‍ॅडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते कागदावर टिपून सोबत ठेवा.