माय म्हणाली, कितला वाजनात?

मे महिन्याची १९ तारीख, अमळनेर. माय गच्चीवर कुरडया वाळवत होती आणि खाली कॉम्प्युटरसमोर मी वाळत होतो. नानांच्या बी-बियाण्यांच्या दुकानाचा हिशोब सी.ए.ला मेलनं पाठवायचा होता. जीएसटीचं रिटर्न २० तारखेला. सकाळी आठला गेलेली लाईट दहाला आली. पंखा फिरला, कॉम्प्युटर उठला, मेल काही उठेना. 'सर्व्हरशी जोडणी होत नाही.'

घरात काही सापडेना की आधी लहान पोराला धरतात, तसा मी पासवर्डला धरला. तीनदा टाकला. नुसते काळे ठिपके! शेवटी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहिलं, तर कीबोर्ड मराठीवर. तो इंग्रजीवर आणला. तरी नाहीच.

मग मोबाईलवर 'पासवर्ड विसरलात?' दाबलं. ओटीपी गेला नानांच्या नंबरवर, नाना शेतात.

"नाना, सहा आकडे आले असतील, सांगा."

"उनात. पन मेसेजमा लिखेल शे, कोनलेच सांगानं नही."

"अहो नाना, मी तुमचा पोरगा!"

"आंडोर शेस, तरी बी नही."

बँकवाल्यांनी इतकी वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलेलं एका माणसानं तरी मनावर घेतलं, आणि तो नेमका माझा बाप निघाला. तोवर ओटीपीची मुदत संपली.

जिभाऊंचा पोरगा शेव-मुरमुरे खात आला. त्यानं सेटिंग उघडली. मेल सर्व्हरच्या ज्या दारातून ये-जा करतो त्या पोर्टचे नंबर: येणाऱ्या मेलला ९९३, जाणाऱ्याला ५८७. आकडे बरोबरच होते. आम्ही ते बदलून पाहिले आणि पुन्हा होते तसे केले. एवढ्यावर तो चहा पिऊन गेला.

इतक्यात माय जिन्यातून ओरडली, "कितला वाजनात रे? कुरडया पलटाडन्या शेत."

मी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहून म्हणालो, "पावणेतीन."

"ऊन आते कोठे डोक्यावर उनं, नि तुन्हा पावनेतीन वाजी गयात?"

मी नीट पाहिलं. रात्रीचे पावणेतीन, १ जानेवारी २०१५.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. भिंतीतली वीज असेपर्यंत घड्याळ चालायचं. दोन तास लाईट गेली आणि त्याची स्मृती गेली. जोडणी करताना सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत ग्राह्य ते लिहिलेलं असतं. आमचा कॉम्प्युटर बसलेला २०१५ मध्ये. अजून जन्मालाच न आलेल्या कागदावर तो विश्वास कसा ठेवणार? नानांसारखाच तत्त्वाचा.

तारीख-वेळ हातानं लावली. पासवर्ड तोच जुना, पहिल्या फटक्यात मेल उघडला. संध्याकाळी बाजारातून घड्याळवाल्याकडून सी.आर. २०३२ सेल आणून बसवला.

दिवेलागणीला नाना आले. आधी दार लोटलं, मग खिशातून बियाण्याच्या पावतीचा तुकडा काढला. मागे सहा आकडे, ठळक अक्षरात.

"आते कोनी नही ना आजूबाजूले? लिखी ले."