‘हल्ली सायकल चालवतं कोण?’

सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच मजकूर फिरून येतो. थोडक्यात असा: रोजच्या कामाला सायकल हे युरोपात ठीक, पुण्यात नाही. हल्ली ती कोणी चालवत नाही, वेळ फार जातो, घाम येतो, धुराने फुप्फुसं खराब होतात, जिवाला धोका आहे, आणि ट्रॅक बांधले तेही ओस पडलेत. खाली पंधरा-वीस अंगठे. मी अकरा वर्षं कोथरूडहून शनिवार पेठेत सायकलने कामाला जातोय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

‘कोणी चालवत नाही’ यापासूनच सुरुवात करू. सकाळी साडेसहाला कर्वे रस्त्याच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा. रात्रपाळी संपवून घरी निघालेला वॉचमन दिसेल. कॅरिअरवर जुन्या ट्यूबने करकचून बांधलेला रंगाचा डबा घेऊन चाललेला रंगारी दिसेल. हँडलला जेवणाची पिशवी, आणि चेनला लागून काळी होऊ नये म्हणून उजव्या पायाची पँट मोज्यात खोचलेली. २०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांना जाणाऱ्यांपैकी देशात सुमारे १३ टक्के लोक सायकलने जात होते. मोटरसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच! मोटारीने जाणारे तीन टक्केही नव्हते. आकडा जुना आहे, कबूल. पण ग्रुपवर ‘कोणी नाही’ लिहिलं की त्याचा अर्थ ‘आपल्यातलं कोणी नाही’ एवढाच असतो. रंगारी आपल्या ग्रुपवर नसतो.

ही हौस आहे म्हणणाऱ्यांनी बिहारकडे बघावं. तिथे २००६पासून नववीतल्या मुलींना सायकलींसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तपासलं, तर त्या वयाच्या मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढलेली, आणि सगळ्यात जास्त फरक शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकली देतात. कोणी त्यांना ‘फिटनेस’ म्हणून देत नाही.

वेळेचं म्हणाल, तर शहरांतल्या वाहतुकीचा वेग मोजणाऱ्या टॉमटॉम कंपनीच्या २०२४च्या यादीत पुण्यात १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे मोटार ताशी १८ किलोमीटरने चालते. माझी सायकल रमतगमत १४-१५ने जाते, आणि पेठेत पोचल्यावर गाडी लावायला जागा शोधत तीन चकरा माराव्या लागत नाहीत. अर्थात हे पाच-सात किलोमीटरपुरतं. कोथरूडहून रांजणगावला सायकलने जा असं मी कोणालाही सांगणार नाही.

घाम येतो. सावकाश चालवा, ऑफिसात एक शर्ट ठेवा. एप्रिल-मेमधल्या दुपारी मात्र मीही बस पकडतो.

धुराचा मुद्दा ऐकायला सर्वांत शास्त्रीय वाटतो, म्हणून तोच जास्त पुढे केला जातो. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता. हवेत बारीक धूलिकण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असतील, तर रोज दीड तासाहून जास्त सायकल चालवल्यावर तोटा फायद्याच्या वर जातो. पुण्याची वर्षाची सरासरी शंभराच्या बरीच खाली असते, आणि माझं जाणं-येणं पाऊण तासाचं. शिवाय तो धूर सायकलचा नसतो, हेही जाता जाता.

धोका खरा आहे. तो मी हसण्यावारी नेणार नाही. दोनदा पडलोय, एकदा मोटारीचं दार अचानक उघडल्यामुळे. पण २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. म्हणून ‘भारतात स्कूटर चालत नाही’ असा मजकूर कुठे फिरलेला नाही. आणि युरोपचं उदाहरण द्यायचंच, तर पुरतं द्या. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० जीव गेले, त्यांत चारशेहून जास्त मुलं. तिथेही मोटारींनीच रस्ते भरले होते. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘बालहत्या थांबवा’ म्हणाले, त्यातच १९७३चा तेलतुटवडा आला, आणि मग सायकलींना जागा मिळत गेली. जन्मजात सायकलवेडे वगैरे काही नसतं.

राहिले ओस ट्रॅक. (अॅपवरच्या भाड्याच्या सायकली २०१७च्या डिसेंबरात आल्या आणि दोन-तीन वर्षांत गायब झाल्या, हेही पुरावा म्हणून देतात. तो एक धंदा बसला, बाकी काही नाही.) आमच्या भागात एक ट्रॅक आहे. सुरुवातीला झाड, मग विजेचा डीपी, मग चहाची टपरी, मध्ये उखडलेले ब्लॉक. मोटरसायकली घुसू नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. मागच्या रविवारी टेप घेऊन गेलो. माझ्या सायकलचं हँडल ५८ सेंटीमीटर, दोन खांबांमधली फट ५५. उतरायचं, हँडल वळवायचं, सायकल तिरकी करून आत ढकलायची. हे मोजमाप चालू असताना टपरीवाला गाळणं हातात धरून बघत होता. म्हणाला, “काका, तुम्ही आपले रस्त्यानंच जा.”