मॅरेथॉन सायकलवरून जिंकल्याचा तो फॉरवर्ड

१८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमधली मॅरेथॉन एका ग्रीक माणसाने सायकलवर बसून चीटिंग करून जिंकली, असा मेसेज सगळीकडे फिरतोय. अहो, दोन वेगळ्या रेसची खिचडी केलीये. धावायची मॅरेथॉन १० एप्रिलला झाली, ती स्पिरिडॉन लुईसने पळूनच जिंकली. सायकलवाला म्हणजे अ‍ॅरिस्टिडिस कॉन्स्टँटिनिडिस, त्याची ८७ किलोमीटरची रोड रेस दोन दिवसांनी होती, अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत जायचं, तिथे कागदावर सही करायची आणि परत यायचं. गावाचं नाव वाचलं आणि कोणीतरी दिलं ठोकून!

आणि चीटिंग कसली, उलट बिचाऱ्याचे हालच झाले. मॅरेथॉनला पहिला पोचला, पण परतताना सायकल मोडली, एडवर्ड बॅटेल नावाचा इंग्लिश रायडर पुढे निघून गेला, मग दुसऱ्याची सायकल घेऊन ह्याने त्याला गाठलं, पुढे परत आपटला तरी ३ तास २२ मिनिटांत पहिला आला, दुसऱ्या नंबरचा जर्मन गोड्रिख जवळपास २० मिनिटं मागे.

मेसेजमधलं ‘गोल्ड मेडल’ पण चूक, तेव्हा विजेत्याला चांदीचंच मेडल मिळायचं. मॅरेथॉनमध्ये चीटिंग झाली होती हे मात्र खरं, पण ती बेलोकास नावाच्या ग्रीक धावपटूची, थोडं अंतर घोडागाडीतून गेला म्हणून त्याचा तिसरा नंबर काढून घेतला.