'विक्रांत' भंगार नव्हती

अंबाझरी तलावाकाठी सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या आठवड्यात एक संदेश मोठ्याने वाचला गेला, आणि नंतर तोच नागपुरातल्या आणखी दोन-तीन ओळखीच्यांकडून माझ्याकडे आला. इंग्रजांनी वापरून टाकलेली 'विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू नौका आपल्या गळ्यात मारली, जुनी युद्धनौका घेणे म्हणजे भंगार घेणे, आणि असले सौदे गरीब देशच करतात, असे त्यात म्हटले होते.

पहिले विधान धादांत खोटे आहे. 'हर्क्युलिस' या नावाने 1943 मध्ये बांधायला घेतलेली ही नौका सप्टेंबर 1945 मध्ये पाण्यात उतरली, पण तोवर महायुद्ध संपले होते. काम थांबले आणि अर्धवट नौका दहा वर्षे तशीच पडून राहिली. भारताने ती 1957 मध्ये घेतली, बेलफास्टच्या गोदीत तिरकी धावपट्टी बसवून पूर्ण करून घेतली आणि 4 मार्च 1961 रोजी नौदलात दाखल केली. ब्रिटिश नौदलात तिने एक दिवसही सेवा केलेली नाही. मुंबईत ती संग्रहालय म्हणून उभी असताना मी तिच्या डेकवर गेलो होतो. पुढच्या टोकाला वर उचललेला जो उतार दिसे, तो सी हॅरियर विमानांसाठी आपणच नंतर बसवला होता. 1971 मध्ये बॉयलरला तडा गेलेला असतानाही याच नौकेवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले चढवले.

नंतर घेतलेली दुसरी विमानवाहू नौका 'विराट' मात्र खरोखरच वापरलेली होती. 'हर्मिस' म्हणून ती 1959 ते 1984 ब्रिटिश नौदलात होती आणि 1982 च्या फॉकलंड युद्धात त्यांची ध्वजनौका, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाची नौका होती. आपल्याकडे ती 1987 ते 2017, म्हणजे मूळ मालकापेक्षा अधिक वर्षे चालली. याला भंगार कसे म्हणायचे? तक्रार करायचीच असेल तर ती रशियाकडून घेतलेल्या 'विक्रमादित्य' या जुन्या विमानवाहू नौकेच्या खर्चाची करावी, कारण तो 2004 च्या करारातल्या 97 कोटी 40 लाख डॉलरवरून 235 कोटींवर गेला, आणि ती तक्रार मला रास्त वाटते.

गरीब देशांचे म्हणाल, तर 'विक्रांत'च्याच वर्गातल्या नौका ऑस्ट्रेलियाने आणि कॅनडानेही घेतल्या. नेदरलँड्सने 1948 मध्ये ब्रिटनची 'व्हेनरेबल' घेतली, वीस वर्षे वापरली आणि पुढे अर्जेंटिनाला विकली. शिवाय आज आपण देणारेही आहोत: 'सिंधुवीर' पाणबुडी 2020 मध्ये म्यानमारला गेली, आणि 1991 पासून आपल्या सेवेत असलेली 'किरपाण' युद्धनौका जुलै 2023 मध्ये शस्त्रांसह व्हिएतनामच्या नौदलाकडे सोपवली गेली.